भुंगेरे जमवायला सुरुवात करताय? आधी चिठ्ठी लिहा

महागडं भिंग, जाळ्या, पेट्या सगळं तूर्त राहू द्या. पहिली सवय प्रत्येक नमुन्यासोबतच्या चिठ्ठीची लावा. कुठे, कोणत्या तारखेला, कोणी आणि कशात सापडला (शेणात, सालीखाली, दिव्यापाशी) हे त्याच दिवशी लिहायचं. माझ्या पहिल्या वर्षाचे कितीतरी नमुने 'नंतर लिहू' म्हणत चिठ्ठीविनाच राहिले. दिसायला देखणे, अभ्यासाला निरुपयोगी. अजून हळहळ वाटते. ब्रिटिश निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५४ ते १८६२ या काळात मलाय द्वीपसमूहात (आजच्या मलेशिया-इंडोनेशियाच्या भागात) ८० हजारांहून जास्त भुंगेरे जमवले. कुठला जीव कुठल्या बेटावरचा, याकडे इतकं लक्ष दिलं म्हणूनच त्यांना आशियाई आणि ऑस्ट्रेलियन प्राण्यांच्या प्रदेशांमधली सीमारेषा दिसली.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- टाचणी मधोमध टोचणं. ती उजव्या कडक पंखातून, पुढच्या बाजूला टोचा. मधली रेघ आणि डावी बाजू शाबूत राहते. अगदी बारके भुंगेरे टोचू नका, कार्डाच्या टोकावर चिकटवा.
- शिवणाच्या टाचण्या वापरणं. त्या गंजतात.
- पेटी विसरून जाणं. नमुन्याखाली बारीक तपकिरी भुकटी दिसली, की समजा अळी लागली. तीही भुंगेऱ्याचीच असते! पेटी पिशवीत गुंडाळून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा.

जातीच्या नावाची घाई नको. भुंगेऱ्यांच्या ज्ञात जातीच सुमारे ४ लाख आहेत. आधी कुळ ओळखता आलं तरी खूप झालं. संरक्षित क्षेत्रात मात्र परवानगीशिवाय एकही उचलू नका. पहिला भुंगेरा सापडला की कळवा, चिठ्ठीसकट.