काळजी करणं आणि काळजी घेणं

प्रिय बाळ,
प्रभूमध्ये सलाम.

काळजी वाटते म्हणजे आपला विश्वास कमी पडतो, असं तू लिहिलंस. ते आधी डोक्यातून काढ. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं ते बंदिवासातून. आणि त्याच पत्रात, दुसऱ्या अध्यायात, आपला सहकारी तीमथ्य तुमच्यासाठी किती झटतो हे सांगताना मूळ ग्रीकमध्ये त्याने तेच क्रियापद वापरलं आहे. एके ठिकाणी मनाई, दुसरीकडे वाखाणणी. मराठीत हे चटकन कळतं: काळजी करणं वेगळं, काळजी घेणं वेगळं.

तुमच्या निफाडच्या द्राक्षबागेचंच बघ. ऑक्टोबर छाटणी झाली, घड फुलोऱ्यात आले आणि आभाळ भरून आलं. डाऊनी या बुरशीरोगाची फवारणी वेळेवर करणं, दाटी झालेली फूट काढून हवा खेळती ठेवणं, हे घेणं. रात्री दोनला मोबाइलवर हवामानाचा अंदाज सहाव्यांदा उघडणं, हे करणं. त्याने ढग हलत नाही. सकाळी डोळा उशिरा उघडतो आणि फवारणी मात्र लांबते. देवावर भरवसा ठेवणारा फवारणी चुकवत नाही.

आता उपाय: काळज्या लिहायची एक वही कर. संध्याकाळी, जेवणाआधी, पंधरा मिनिटं. झोपायच्या तोंडावर नको, लिहिलेलं अंथरुणात घोळत राहतं. एकेक काळजी पूर्ण वाक्यात लिही. ‘घरचं अवघड आहे’ असं नको. ‘सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचंय, इतके रुपये कमी पडतायत’ असं. काळजी धूसर असली की प्रार्थनाही धूसर होते. शेजारी उद्या करता येईल असं एकच काम आणि त्याची वेळ लिही. काहीच सुचलं नाही तर जागा कोरी सोड. ही कोरी जागा असलेली वाक्यंच देवावर टाकायची.

‘आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका’ या १ पेत्र ५:७ मधला ‘टाका’ हा शब्द नीट बघ. ते ग्रीक क्रियापद नव्या करारात आणखी एकदाच येतं, लूक १९:३५ मध्ये, शिष्य आपली वस्त्रं शिंगरावर टाकतात तिथे. वस्त्र शिंगराच्या पाठीवर गेलं की आपल्या खांद्यावर उरत नाही. आणि हे वाक्य सातव्या वचनात सुरू होत नाही, सहाव्यातल्या ‘लीन व्हा’चा तो पुढचा भाग आहे. पाठ करताना आपण नेमकं तेवढंच गाळतो! सगळं मीच निभावणार, हा ताठाही चिंतेत असतो.

प्रार्थनेत घोटाळा होतो तो इथे: दहा मिनिटं तीच काळजी मोठ्याने उगाळायची आणि शेवटी आमेन म्हणायचं. छाती आणखी जड होते. फिलिप्पै ४:६ मध्ये मागणीबरोबर आभार आहेत, म्हणून आधी आजच्या तीन गोष्टींचे आभार मान, अगदी ‘दिवसभर लाईट होती, मोटर चालली’ इतक्या साध्या. मग मागणी, एका वाक्यात. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जरूर जा, मेणबत्ती लाव; फक्त ‘नोकरी दे, मग मी अमुक करीन’ असा सौदा करू नकोस.

अर्ध्या तासाने काळजी परत येईल. फिलिप्पै ४:७ मधली देवाची शांती अंतःकरण ‘राखते’, तो शब्द पहारेकऱ्यांचा आहे. पहारा असला तरी दारावर थाप पडतेच. ‘हे वहीत आहे, तुला दिलंय’ एवढं म्हण आणि हातातल्या कामाला लाग.

एलीया संदेष्टा मरण मागत होता तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. झोप, निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर (१ राजे १९). तेव्हा चारनंतर चहा बंद, रात्री मोबाइल खोलीबाहेर. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडतं, असं झालं तर डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस आणि फुकट आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूकही वैद्यच होता.

आज वही आण, शंभर पानी पुरे. पहिलं वाक्य कर्जाचं लिही, पण त्याआधी वडिलांना फोन कर आणि नक्की किती रुपये कमी पडतायत ते विचार. तुझ्या पत्रात तो आकडा कुठेच नाही.

तुझा हितचिंतक