मायकेल मानचा 'थीफ' (1981) जरूर पाहा

देखणा, तरीही फारशा कुणाच्या यादीत न सापडणारा गुन्हेपट तुम्ही विचारला आहे, तेव्हा मी अमेरिकी दिग्दर्शक मायकेल मानचा 'थीफ' सुचवेन. मान म्हटले की सगळे 'हीट'कडे वळतात. परंतु रात्रीचे शहर, कामात निष्णात असलेला एकाकी गुन्हेगार आणि त्याला लागलेली साध्या संसाराची ओढ हे सारे त्याने चित्रपटगृहांसाठी केलेल्या या पहिल्याच चित्रपटात आहे, आणि माझ्या मते अधिक आटोपशीरपणे आहे.

जेम्स कानने शिकागोतला तिजोरी फोडणारा फ्रँक साकारला आहे. सुरुवातीच्या चोरीत संवाद जवळजवळ नाहीतच. ड्रिल पोलादात शिरते आणि तिच्यामागोमाग कॅमेराही भोकातून थेट कुलपाच्या यंत्रणेपर्यंत पोहोचतो. ओले रस्ते आणि मोटारीच्या बॉनेटवरून सरकणारे दिवे तर सुंदर आहेतच, पण खरी शैली आहे ती हे काम इतक्या एकाग्रतेने पाहण्यात. पुढच्या मोठ्या चोरीत थर्मल लान्सने, म्हणजे प्रचंड उष्णतेने धातू कापणाऱ्या नळीने, पोलादी दार अक्षरशः वितळवले जाते. ठिणग्यांचा तो वर्षाव ओसरल्यावर फ्रँक ना हसतो, ना ओरडतो, नुसता खुर्चीत बसून सिगारेट ओढतो. टँजरिन ड्रीम या जर्मन वाद्यवृंदाच्या सिंथेसायझर संगीताला त्या वेळी 'रॅझी'चे नामांकन मिळाले होते, म्हणजे सर्वांत वाईट संगीतांत त्याची गणना झाली होती. मला मात्र ते त्या अवजारांच्याच घरघरीतून निघाल्यासारखे वाटते.

तरीही सर्वांत चांगला प्रसंग चोरीचा नाही. महामार्गालगतच्या एका उपाहारगृहात फ्रँक त्याला आवडणाऱ्या जेसीला (ट्यूसडे वेल्ड) तुरुंगातली वर्षे सांगतो आणि कात्रणे चिकटवून केलेले एक चित्र पुढे ठेवतो: घर, बायको, मूल. आयुष्य हातचे निसटलेला माणूस घाईघाईने संसाराचा सौदा करू पाहतो आहे, हे कान एकही अश्रू न ढाळता दाखवतो.

जाता जाता एक गंमत: पूर्वी खरोखर चोऱ्या करणारा जॉन सँटुची इथे भ्रष्ट पोलीस झाला आहे, तर तेव्हा शिकागो पोलीस दलात असलेला डेनिस फरिना गुंड.

जेसीची व्यक्तिरेखा पुढे फिकी पडते आणि मधला भाग संथ वाटू शकतो. फ्रँकला काम देणाऱ्या टोळीप्रमुख लिओकडे (रॉबर्ट प्रॉस्की) मात्र पहिल्या भेटीपासून नीट लक्ष ठेवा. त्याच्या वडीलधाऱ्या मायेत काय दडले आहे, हे सांगून मी रस घालवत नाही.