घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या पणतीला

बाळा,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला आणि मग झोप गेली ती गेलीच. रविवारच्या वर्गात आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मुलांना आपले सण शिकवायला केलेली ती पीपीटी पण बघितली. मेहनत केलीस, दिसतंय. पण रोश हशाना म्हणजे नवी सुरुवात, किप्पूर म्हणजे क्षमा, सुक्का म्हणजे नम्रता, हनुका म्हणजे धैर्य, एकेका सणाला एकेक शब्द आणि खाली चित्र, आणि मग तो दहा वर्षांचा पोरगा म्हणाला, टीचर हे सगळं आमच्या मॉरल सायन्सच्या पुस्तकात पण आहे. त्यावर तू लिहितेस की मला काय उत्तर द्यावं सुचेना. अगं उत्तर काय द्यायचं, पोरगा बरोबर बोलला! तुझ्या वर्गातल्या अकरा जणांत मला आवडेल असा तोच एक.

एकच गोष्ट सांगतो, आणि परत परत सांगणार आहे, कंटाळलीस तरी. सणाला पोराच्या हातून काहीतरी सुटलं पाहिजे. त्याचं स्वतःचं, त्याला हवं असलेलं. सुटलं नाही तर तो सण नाही, ते गेट-टुगेदर.

तुझ्या पणजीला सणांची हिब्रू नावं धड येत नव्हती. ती किप्पूरला काय म्हणायची? दारफळणीचा सण. दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे, दिवसभर बाहेर पाऊल नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, गरिबाला दान द्यायचं आणि एकमेकांच्या घरी जायचं. आव महिन्याच्या नऊ तारखेला, यरुशलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचा उपास, तर त्याचं नाव काय, बिरड्याचा रोजा! वालाच्या बिरड्यावरून. बघ, क्षमा नम्रता वगैरे एकही शब्द नाही यात. दार, शिळं, बिरडं. काय करायचं तेच नावात. आणि तू त्या नावांवरून खाली उतरून 'व्हॅल्यू'वर आलीस, आणि तुला वाटतंय की वर चढलीस.

हनुका तर आपल्या जुन्या लोकांना माहीतच नव्हता, नंतर कळला. म्हणून मी हनुकाला कमी लेखतो असं नाही, पण डोनट आणि भोवऱ्यावर तीन रविवार घालवलेस त्याबद्दल बोलूया कधीतरी.

आता शनवार तेली, शनिवारी, आपल्या शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवणारे म्हणून आपल्याला पडलेलं नाव. हे तू मुलांना सांगतेसच, पण कसं सांगतेस, "आपले पूर्वज कोकणात तेल काढायचे" एवढं. थांब ना तिथे जरा. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, पुस्तकं सगळी बुडाली अशी आपली कथा. रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही, तोरा म्हणजे धर्मग्रंथ नाही, शेमा ही प्रार्थना तेवढी तोंडात. आडनावं मिळाली गावांवरून, दिवेकर पेणकर किहीमकर, पण गावाने ओळखलं कशावरून, तर हे शनिवारी घाणा चालवत नाहीत यावरून. बैल उभा, घाणा उभा, गिऱ्हाईक दारातून परत. गावातला दुसरा तेली त्या दिवशी चार पैसे जास्त कमवत असणार, आणि हे प्रत्येक शनिवारी, पिढ्यान् पिढ्या. डेव्हिड राहाबी, नंतर बाहेरून आलेला ज्यू धर्मशिक्षक, त्याची गोष्ट पण तीच, त्याने बायकांपुढे सगळी मिसळ मासळी ठेवली आणि त्यांनी खवलं-पर नसलेली बाजूला काढली, तेव्हा त्याने ओळखलं म्हणतात की हे आपलेच. बायकांना कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आपण टिकलो ते काय सोडलं त्याच्यावर.

मला माहितीये तू काय म्हणशील, सर आता मुलं लहान आहेत, त्यांना त्रास कशाला. उपास लहान मुलांना नकोच, शास्त्रच सांगतं मुलगा तेरा मुलगी बारा, त्याआधी सक्ती नाही. उपाशी ठेव असं म्हणतच नाहीये मी. पेसाखच्या, म्हणजे खमिराचं न खायच्या, आठ दिवसांत डब्यातला पाव सुटू दे, समोर बाकीचे वडापाव खातायत आणि हा तांदळाची भाकरी. तिथे त्याला कोणीतरी विचारेल तू का नाही खात, आणि त्याला उत्तर द्यावं लागेल, तुला नाही. पुण्याची १८७४ची हगादा आहे ना, पेसाखच्या रात्री वाचायचं पुस्तक, हिब्रू-मराठी, साड्या नेसलेल्या बाया मात्झा, म्हणजे बिनखमिराची भाकर, करतायत ते चित्र? ते दाखव पोरांना आणि मग पीठ दे हातात. गरिबाला द्यायचे पैसे आईच्या पर्समधून नकोत, त्याच्या गल्ल्यातून. दहा रुपये चालतील, पण त्याचे.

माझ्याकडून इथेच चुकलं. माझ्या मुलाच्या मुठीत मी नाणं ठेवायचो आणि तो पेटीत टाकायचा, टाळ्या, फोटो. पेसाखला कॅन्टीनमध्ये पाव खाल्ला तर मी बघून न बघितल्यासारखं केलं, म्हटलं पोर आहे, शाळेत एकटं पडेल. आता तो इस्राएलमध्ये अश्दोदला असतो. काही वर्षांपूर्वी फोनवर सहज म्हणाला, डॅडी आपल्याकडे सण म्हणजे चिकाचा हलवा आणि पुरणपोळी, बाकी मला काही आठवत नाही. रागाने नाही बोलला. हलव्याची आठवण काढत होता बिचारा.

म्हणूनच पुढे वर्गात मी कडक झालो, आणि तू ऐकली असशील ती गोष्ट, सगळ्यांनी ऐकलीये, की सरांनी नऊ वर्षाच्या मुलाला रडवलं. ऐक मग माझ्याकडून. त्याने एका मुलीचा कंपासबॉक्स तोडला होता आणि नाव दुसऱ्यावर ढकललं. किप्पूर चार दिवसांवर. मिश्नात, आपल्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, सरळ लिहिलंय, माणसाने माणसाचं केलेलं किप्पूर धूत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढ. तेवढं वाचून मी वर्ग सोडून देऊ शकलो असतो. मी त्याला घेऊन गेलो तिच्या बिल्डिंगला. तिसरा मजला. तो वर, मी एक जिना खाली, दिसणार नाही असा. बेलपाशी हात नेतो, मागे घेतो. वीस मिनिटं. मध्ये दूधवाला येऊन गेला, कचरेवाली येऊन गेली. स्वतःचा कंपासबॉक्स नेला होता द्यायला, त्याचं झाकण उघड बंद उघड बंद, तो टकटक आवाज येत होता मला खाली. मग बेल वाजली. खाली आला तेव्हा डोळे लाल आणि हात रिकामे. त्याच्या आईने कमिटीकडे तक्रार केली, मुलाचं नाव काढलं वर्गातून. चुकलं का माझं? लोक म्हणतात चुकलं. आईला आधी विचारायला हवं होतं, ते मान्य, तेवढंच मान्य. बाकी उद्या परत करायची वेळ आली तर मी त्याच जिन्यात उभा राहीन.

आता जे बोलणार नव्हतो ते. त्या जिन्यात उभा असताना माझं माझ्या सख्ख्या मोठ्या भावाशी बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. अलिबागजवळची दहा गुंठे जमीन, नारळाची झाडं, दुसरं काय. पोराला वर पाठवला आणि मी खाली. दरवर्षी किप्पूरच्या आधीच्या एलुल महिन्यात सेलिखोतला, क्षमा मागायच्या प्रार्थनांना, पहाटे उठून जायचो, सगळ्यांच्या आधी, आणि इस्राएलमध्ये लोदला त्या भावाला एक फोन होत नव्हता माझ्याच्याने. तो गेला त्या हिवाळ्यात. त्यालाही शास्त्रात वाट आहे, दहा माणसं घेऊन कबरीवर जायचं आणि त्यांच्यासमोर बोलायचं. तिकीट बघतो बघतो म्हणत तीन वर्षं काढली. गुडघ्याचं कारण सांगतो लोकांना. गुडघा दुखतो हेही खरंच आहे म्हणा.

तर मी तुला सांगतोय हे कोणत्या तोंडाने, असं तुझ्या मनात आलं असेल तर येऊ दे. पण गोष्ट खोटी होत नाही त्याने. पोराच्या हातून सुटलं पाहिजे, आणि पोरं आधी आपल्या हाताकडे बघतात. तुझं आणि तुझ्या मावशीचं लग्नाच्या मानपानावरून काय झालंय ते मला तुझ्या आईने सांगितलंय. मी काही म्हणत नाही. फक्त त्या अकरा जणांतल्या दोघी तिच्या नाती आहेत आणि त्यांना सगळं माहीत असतं.

या रविवारी पीपीटी नको. प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची, स्वतःची, चालू स्थितीतली, ज्याच्याशी वाजलंय त्याला द्यायला. मोडकी खेळणी आणतील, परत पाठव. आईबापांना आधी ग्रुपवर कळव, माझ्यासारखं करू नकोस. तो मॉरल सायन्सवाला काहीच आणणार नाही बघ, वाद घालेल, घालू दे.

मी साडेदहापर्यंत येतो. जिना चढायला वेळ लागतो, दार लावून घेऊ नका.

तुझा,
सर