‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ का होतं?

प्रश्न : ऑनलाइन अर्जात ‘शेतकऱ्यांना’ लिहून जतन केलं की ‘शेतकर्यांना’ दिसतं. दोन्ही रूपं चालतात का?

नाही चालत. रफार आला की आधीच्या अक्षरावर आघात येतो. चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र ने येत नाही. म्हणून दरीचं अनेकवचन ‘दऱ्या’ आणि समुद्र तो ‘दर्या’. स्वयंपाक सांगायचा तो आचाऱ्याला, नमस्कार करायचा तो आचार्याला. मूळ शब्द रा, री किंवा रे ने संपत असेल (शेतकरी, वारा, कैरी, दुसरा, कर्मचारी) तर त्याच्या य जोडून होणाऱ्या रूपांत ऱ्य येतो. सूर्य, कार्य यांत र्य मुळातलाच, तो तसाच राहतो. गुऱ्हाळ, कुऱ्हाड, वऱ्हाड यांतही अर्धा र. संस्कृत ‘अर्हता’त मात्र रफार.

तेव्हा तुमचं लेखन बरोबर आहे, बिघाड प्रणालीत आहे. युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं क्रमांकाने साठवायची पद्धत) र, पायमोड, य असा क्रम दिला की रफारच उमटतो. ऱ्य दोन प्रकारे साठवता येतो : ऱ (युनिकोड क्रमांक यू+०९३१), पायमोड, य, किंवा र, पायमोड, अदृश्य जोडचिन्ह (यू+२००डी), य. पडद्यावर दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. युनिकोडचं प्रमाणीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणं) त्यांना एक करत नाही, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेलं नाव दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर साध्या शोधात सापडत नाही.

मजकूर ‘साफ’ करताना अदृश्य चिन्हं सरसकट काढली की दुसऱ्या प्रकारातला जोड जातो आणि रफार उरतो. पहिला प्रकारही पूर्ण सुरक्षित नाही. ऱ चं विघटन र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असं होतं. शोधासाठी नुक्ते गाळणाऱ्या प्रणालीत तोही र होऊन बसतो. हिंदीला या अर्ध्या र ची गरज पडत नाही. देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून चाचणी घेतली तर सगळं ठीकच दिसणार, आणि लाखो मराठी नोंदी चुकीच्या साठणार. ही तांत्रिक बारीकसारीक बाब नव्हे. माणसांची भाषा न विचारता केलेली रचना आहे.

लिहिणाऱ्याने इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांच्या प्रमाण) कळफलकावर शिफ्ट धरून र दाबावा म्हणजे ऱ येतो. मग पायमोड, मग य. प्रणाली बांधणाऱ्याने यू+२००डी काढू नये. मराठी शोधसूचीत र, पायमोड, जोडचिन्ह या क्रमाच्या जागी ऱ, पायमोड धरावा, आणि शोधशब्दालाही तोच नियम लावावा. साठवलेला मूळ मजकूर मात्र बदलू नये. हा नियम भाषा पाहूनच लावायचा : नेपाळीत ‘गर्‍यो’ जोडचिन्हानेच लिहितात. चाचणीला दऱ्या–दर्या, आचाऱ्याला–आचार्याला आणि गुऱ्हाळ पुरेत. टाइप करणं, जतन करणं, शोधणं आणि पीडीएफ काढणं या चारही टप्प्यांवर ते तपासावेत.