जगातलं एकच ग्रंथालय पाहायला वाट वाकडी करायची असेल, तर कुठलं?

माझं मत: स्वित्झर्लंडमधलं सेंट गॅलन. झ्युरिकहून रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येतं, त्यामुळे मुक्कामाचीही गरज नाही.

मठाचं हे दालन 18व्या शतकातलं, पण संग्रह त्याहून कितीतरी जुना. लाकडी जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून बुटांवरूनच मऊ सपाता चढवायची इथली प्रथा प्रसिद्ध आहे. वर रंगवलेलं छत, भिंतीभर कपाटं, आणि मध्येच चक्क एक इजिप्शियन ममी! ती मात्र मला तिथे उपरीच वाटते.

खरा ऐवज म्हणजे 9व्या शतकातला मठाचा आराखडा. चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून त्यावर चर्च, दवाखाना, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा आखलंय. मूळ प्रत शेजारच्या वेगळ्या प्रदर्शनात, तीही काही सेकंदच उजेडात येते.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचं 'लाँग रूम' बहुतेकांच्या यादीत असतं. पण जतनाच्या कामासाठी तिथली जवळपास सगळी पुस्तकं हलवली आहेत, तेव्हा तिकीट काढण्याआधी सद्यस्थिती बघा.

आणि पासपोर्ट नसेल तर तंजावरचं सरस्वती महाल. सरफोजीराजांनी वाढवलेला हा संग्रह, त्यात मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रंही आहेत.