रंग सांडले म्हणून वर्ग सोडू नकोस

पत्र : ताई, मी कळव्याला राहते. बारावीनंतर दोन वर्षांचा एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, केला आणि या जूनपासून घोडबंदर रोडवरच्या एका खासगी शाळेत पहिली ते चौथीला चित्रकला शिकवते. वर्गात चाळीस मुलं, आठवड्याला पस्तीस मिनिटांचा एक तास. माझे सराव पाठ सगळे सातवी-आठवीवर झाले होते. इथे रंग काढले की पाणी सांडतं, गणवेश खराब होतात, डायरीत पालकांच्या चिठ्ठ्या येतात. को-ऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, रंगकाम बंद करा, खडूच द्या. आणि डिसेंबरच्या प्रदर्शनात सगळ्यांची चित्रं सारखी, नीटनेटकी दिसली पाहिजेत. दुसरीतला एक मुलगा तर प्रत्येक चित्र शेवटी काळ्या रंगाने झाकून टाकतो. बाबा म्हणतात यात भविष्य नाही, बी.एड. कर, नाहीतर मामाच्या ओळखीने अ‍ॅनिमेशनकडे वळ. मला स्वतःला बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, करावीशी वाटते. नोकरी सोडू का?

उत्तर :

दिवाळीपर्यंत राजीनामा लिहू नकोस. तुझं सगळं पत्र दोनदा वाचलं. त्यात चित्रकलेचा कंटाळा आलाय असं एकही वाक्य नाही, मुलांचा राग आलाय असंही नाही. तास हाताबाहेर जातोय, एवढंच आहे. आणि लहान मुलांचा रंगाचा तास हातात ठेवणं तुला कुणी शिकवलेलंच नाही. जे शिकलोच नाही ते जमत नाही म्हणून पेशा बदलायचा, हे मला पटत नाही. आधी ते शिकून घे, मग सोडायचं की नाही ते ठरव.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा देताना आपल्या हाताला एक वळण पडतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. मापात बसवायचं, छाया-प्रकाश दाखवायचा, कडा स्वच्छ ठेवायच्या. एटीडीने तेच वळण पक्कं केलं. ते चांगलंच आहे. पण सहा-सात वर्षांचं मूल त्या वाटेवर अजून आलेलंच नसतं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, ते आजही वर्गात जसेच्या तसे भेटतात. साधारण सात ते नऊ वर्षांचं मूल कागदाच्या खालच्या कडेला जमिनीची रेघ ओढतं आणि सगळं तिच्यावर उभं करतं. स्कूल बस काढली तर पत्र्यातूनही आत बसलेली मुलं दिसतात. आई दारापेक्षा उंच असते, कारण ती महत्त्वाची असते. तुझ्या दुसरीच्या वह्या उघडून बघ, हे सगळं सापडेल. त्याला चूक समजून दुरुस्त करायला गेलीस, तर चाळीस मुलांना चाळीस दुरुस्त्या कराव्या लागतील आणि तास तिथेच बुडेल.

आता तासाकडे येते, कारण तुझं दुखणं तिथे आहे.

पहिली गोष्ट, आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत रंगाचा तास लावूच नकोस. कागद वाळत नाहीत, एकावर एक ठेवले की चिकटतात, आणि घरी जाईपर्यंत दप्तरातल्या वह्यांना रंग लागतो. निम्म्या चिठ्ठ्या त्याच्याच असतील. हे दोन महिने तेलखडू, फाडलेल्या कागदांचं चिकटकाम, मातीकाम यांत घालव. म्हणजे मॅडमचं ‘खडूच द्या’ हे आत्तापुरतं ऐकायला तुला काहीच अडचण नाही. त्यांना मात्र सांगून ठेव, की पाऊस ओसरला की रंग पुन्हा काढणार आहे आणि या वेळी तयारी करून काढणार आहे.

तयारी म्हणजे काय? चाळीस मुलांच्या हातात एकाच वेळी ब्रश द्यायचाच नाही. वीस मुलं रंगात, वीस तेलखडूत, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. एवढ्या एका बदलाने तास निम्मा शांत होतो. चार मुलांत पाण्याचा एक मग, तोही जड बुडाचा आणि अर्धाच भरलेला. बाकांवर वर्तमानपत्र. प्रत्येकाने बाबांचा जुना शर्ट आणायचा आणि उलटा घालायचा, बटणं पाठीवर, बाह्या दुमडून. ही एक ओळ डायरीतून पालकांना गेली की गणवेशाच्या तक्रारी बऱ्याच कमी होतात. रंग वाटताना बाटल्या बाकावर ठेवू नकोस. डब्यांच्या झाकणांत तूच चमचाभर घालून दे, दह्याइतका दाट. पातळ केलास की तो मुलांच्या कोपरापर्यंत पोचलाच म्हणून समज.

ब्रश मोठा दे. आठ-दहा नंबरचा. बारीक ब्रशने मूल कडा शिवत बसतं, पस्तीस मिनिटांत आकाशाचा एक कोपरा भरत नाही आणि घंटा होते. ब्रश धुण्याची रीत मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायची: धुवा, टेका, मग बुडवा. मगात धुवायचा, फडक्यावर टेकवायचा, मगच नवा रंग घ्यायचा. मधलं ‘टेका’ राहिलं की पाणी चित्रावर ओघळतं. आणि ब्रश मगात उभे सोडून जायचं नाही, केस कायमचे वाकतात.

घंटेला दहा मिनिटं असताना आवराआवर सुरू. आठ नाही, पाचही नाही. कागद खिडकीच्या सुतळीवर चिमट्याने, झाकणं बादलीत, वर्तमानपत्रं आतल्या बाजूला गुंडाळून टोपलीत. प्रत्येक कामाला दोन मुलं नेमलेली असू देत, महिन्याने बदल. आवरण्याला मी तासाचाच भाग मानते. सातवीच्या मुलांना हे सांगावं लागत नाही, म्हणून तुझ्या सराव पाठांत ते कधी आलंच नाही.

पहिल्या रंगतासाला विषय देऊ नकोस. फक्त पिवळा आणि निळा. झाकणात पिवळा घाल आणि त्यात निळ्याचं ब्रशचं टोक लावायला सांग. उलट करायचं नाही. निळा जबर असतो, त्यात कितीही पिवळा ओतला तरी लवकर बधत नाही, रंग फुकट जातो. पिवळ्यात टोकभर निळा पडला की आधी एक हिरवट रेघ फिरते, मग झाकण कोवळ्या पोपटी रंगाचं होतं, आणखी एक टोक, की भाताच्या रोपासारखं, आणखी एक, की येऊरच्या जंगलासारखं. त्या क्षणी वर्गाकडे बघ. वीस मुलं एका झाकणावर वाकलेली असतात आणि कुणाला पाणी सांडायला सवड नसते. प्रत्येकाने आपल्याला मिळालेले वेगवेगळे हिरवे कागदावर ठिपक्यांनी लावायचे. तेवढाच तास.

फळ्यावर चित्र काढून देऊ नकोस. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी चौदा वर्षं शाळेत शिकवलं. सुरुवातीची शाळा बेलापूरकडची, वर्गात दिवाळे कोळीवाड्यातली बरीच मुलं. मी हौसेने फळ्यावर होडी काढली: अर्धचंद्रासारखी, वर तिकोनी शीड, मागे मावळणारा सूर्य. सगळ्या वर्गाने तीच उतरवली. ज्यांच्या घरची होडी त्या सकाळीच खाडीवरून आली होती, इंजिनवाली, टोकाला झेंडे, बाजूला टायर बांधलेली, आत बर्फाचा खोका, त्यांनीसुद्धा शिडाचीच काढली. तिसरीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, आमची अशी नाही, पण मी तुमचीच काढली.” तिच्याकडे होती ती होडी मला माहीतच नव्हती. पुढच्या तासाला फळा पुसला आणि तिलाच विचारलं, टायर कशाला बांधतात गं? मग जी चित्रं आली, त्यांत जाळं होतं, डिझेलचा कॅन होता, आणि एका चित्रात होडीपेक्षा मोठा रावस.

तुझ्या मुलांकडेही हे सगळं आहे. मेट्रोचे खांब, क्रेन, सोसायटीच्या गेटवरचे वॉचमनकाका, ट्रॅफिकमध्ये अडकलेली बस. त्यांना विचार, बसच्या खिडकीतून काय दिसलं? उत्तर आलं की कागद दे.

वारलीबद्दल एक सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडच्या शाळांत वारली म्हणजे दोन त्रिकोण जोडून माणूस, एवढंच उरलंय. डहाणू, जव्हार, तलासरी हे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा होईपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी भित्तिचित्र, बायकांनी कुडाच्या भिंतीवर लिहायचा, गेरूवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक ठेचून. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला कागदावर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. चौथीला हे शिकवायचं तर खाकी कागदावर गेरूचा हात दे, तांदळाचं पीठ भिजव, काड्या दे आणि त्यांना स्वतःच्या घरातल्या लग्नाची गर्दी काढू दे. खर्च जवळजवळ नाहीच, आणि फळ्यावरून उतरवलेल्या तारपा नाचाच्या रांगेपेक्षा ते वारलीच्या जास्त जवळ जाईल.

प्रदर्शनाचं भांडण आत्ता करू नकोस. सप्टेंबरपासून प्रत्येक तुकडीतल्या मुलांची दोन-तीन चित्रं तारीख घालून फायलीत ठेव. मागे मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत एका ओळीत लिही. नोव्हेंबरमध्ये ती फाइल घेऊन मॅडमसमोर बस आणि विचार, एक भिंत मला अशी लावू द्याल का? पूर्ण हॉल मागू नकोस. पालक आधी स्वतःच्या मुलाचं चित्र शोधतात. चाळीस सारख्या चित्रांत ते नावावरून शोधावं लागतं. ही गोष्ट को-ऑर्डिनेटरला लगेच समजते, कारण पालकांना तोंड त्यांनाच द्यावं लागतं.

आता शिक्षणाचं. बाबांना सांग, नेहमीच्या दोन वर्षांच्या बी.एड.ला आधी पदवी लागते, तुझ्याकडे ती नाही. शिवाय ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका आणि टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर लागतो. तुला लहान मुलांतच राहायचं असेल, तर दोन वर्षांच्या डी.एल.एड.चा गंभीरपणे विचार कर. मग तू रंग जाणणारी वर्गशिक्षिका होशील आणि आठवड्याच्या एका तासावर अडकून राहणार नाहीस. कारण वस्तुस्थिती अशी आहे: शिक्षण हक्क कायदा, २००९ कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, मागतो तो सहावी ते आठवीला, तेही शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तर. पहिली ते पाचवीला स्वतंत्र चित्रकला शिक्षक असलाच पाहिजे, असं तो म्हणत नाही. म्हणून प्राथमिकच्या या जागा मुख्यतः खासगी शाळांतच दिसतात. बाबांची काळजी अगदीच बिनबुडाची नाही, त्यांच्याशी बोलताना हे मान्य कर.

बीएफए चार वर्षांचं, त्यासाठी राज्याची कला सीईटी. ते स्वतःच्या चित्रासाठी करावं, किंवा पुढे मोठ्या वर्गांकडे, महाविद्यालयाकडे जायचं असेल तर. या वर्गातून पळायला वाट म्हणून करशील, तर चार वर्षांनी पुन्हा याच प्रश्नापाशी येशील. नोकरी ठेवून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करणं हा मधला रस्ता आहे, पदवी हातात राहते. एटीडीनंतरचा कला शिक्षणाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रमही आहे, त्याची माहिती कला संचालनालयाकडून घे. अ‍ॅनिमेशन चांगलं क्षेत्र आहे, पण ते दिवसभर स्क्रीनसमोर बसण्याचं काम आहे, आणि तुझ्या पत्रात मुलं सोडून दुसरं काही नाही.

नेमणूकपत्र काढून वाच. पगार बारा महिन्यांचा आहे की दहा? रंग-कागद कोण आणणार? हे लिहून घे, स्वतःच्या पाकिटातून रंग आणण्याची सवय लागू देऊ नकोस. शनिवार-रविवारी सोसायटीत क्लास घ्यायचा विचार असेल तर तो तुला चालतो का, हे आधी शाळेकडून लेखी विचारून घे. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २८ मध्ये शिक्षकांना खासगी शिकवणीला मनाई आहे, उगाच गोत्यात येऊ नकोस.

राहिला तो दुसरीतला मुलगा. एका चित्रावरून, दहा चित्रांवरूनही त्याच्या मनात काय आहे ते ठरवू नकोस आणि घरी फोन तर मुळीच करू नकोस. कदाचित त्याच्या चित्रात रात्र होत असेल. कदाचित सगळे रंग एकत्र केले की काय होतं ते तो बघत असेल, कदाचित शेजारचा हसतो म्हणून झाकत असेल. डबा खात नाही, बोलत नाही, असं आणखी काही दिसलं तर वर्गशिक्षिकेला सांग. एरवी त्याला ‘हे काय काढलंस’ असं विचारू नकोस, ‘मला सांग ना याच्याबद्दल’ म्हण. आणि पुढच्या तासाला बाकीच्यांचं काम सुरू झालं की स्टूल घेऊन त्याच्या बाकाशेजारी बस, काळा रंग उघडण्याआधी. खाली काय असतं, ते तुला एकदा तरी दिसू दे.