रोजच्या धावपळीत तुम्ही संगीत कधी आणि कसे ऐकता?

सकाळी ओट्यावरच्या छोट्या रेडिओवर, कुकरच्या शिट्ट्यांच्या अधेमधे जे कानी पडते, ते मला सर्वाधिक प्रिय आहे. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बर लोकलने जाताना मात्र गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी इअरफोनचा आवाज नकळत वाढवला जातो आणि कानांना खरा धोका तिथेच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. त्यामुळे बाहेरचा गोंगाट अडवणारे, कानात घट्ट बसणारे इअरफोन मी वापरतो, म्हणजे आवाज कमी ठेवूनही तानपुऱ्याची आस, म्हणजे तार छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, स्पष्ट ऐकू येते. दिवेलागणीला घरी परतल्यावर, रागाच्या ठरलेल्या वेळेला धरून, यमन हा संध्याकाळचा राग लावतो आणि तेव्हा दुसरे कोणतेही काम करत नाही.